घेतल्या गिरण्या, विकली जमीन

१८ ऑक्टोबर १९८३. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा मुंबईतला गिरणी संप तोवर एकवीस महिने जुना झाला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते पुन्हा एकदिलानं आत गेलेच नाहीत. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या पाळीवर सुरू झाल्या होत्या, काहींची चिमणी थंडच होती, आणि गिरणगावातली निम्मी बिऱ्हाडं गावाकडे गेली होती. त्या दिवशी केंद्र सरकारनं वटहुकूम काढून शहरातल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. टाटा, फिनले, गोल्ड मोहर, कोहिनूर, एल्फिन्स्टन, जाम, पोदार, सीताराम, मधुसूदन, न्यू सिटी ही नावं त्या यादीत होती. परळ-लालबागच्या माणसाला ही नावं बसच्या थांब्यांइतकी पाठ असतात.

मालकांना गिरण्या चालवता येत नाहीत, म्हणून सरकारनं त्या घेतल्या. बावीस वर्षांनी, २००५ साली, सरकारच्याच महामंडळानं मुंबईतल्या आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी निविदा काढून विकल्या आणि त्यातून दोन हजार कोटींहून अधिक रुपये उभे केले. या दोन तारखांच्या मधला काळ गिरणी चालवण्याचा कमी आणि तिचं काय करायचं हे न ठरवण्याचा जास्त होता. राष्ट्रीयीकरण बरं की खासगीकरण, हा वाद देशात पन्नास वर्षं रंगला. गिरणगावात दोन्ही झालं, दोन्ही संकटाच्या घाईत झालं, आणि दोन्ही वेळा जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो मागे राहिला.

सरकारनं गिरणी ताब्यात घेणं ही १९८३ साली नवलाई नव्हती. त्याची सुरुवात साठीच्या दशकातल्या संकटात झाली. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. कापूस कमी पिकला, त्याचे भाव चढले. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. लांब धाग्याचा कापूस बाहेरून आणणाऱ्या गिरण्यांचं कंबरडं मोडलं. इकडे धान्याला पैसा पुरत नव्हता, तिथे लोक कापड कुठून घेणार? गोदामात गाठी साचल्या.

दुष्काळ हे निमित्त होतं, रोग जुना होता. युद्धकाळात आणि त्यानंतर मिळालेला नफा बऱ्याच मालकांनी दुसरीकडे नेला आणि सांचे तेच ठेवले. आजोबांनी ज्या सांच्यावर काम केलं त्यावरच नातू उभा राहतोय, ही स्थिती काही गिरण्यांत शब्दशः होती. सरकारही यातून सुटत नाही. हातमागाला संरक्षण म्हणून १९५६ पासून गिरण्यांच्या विणाई खात्याच्या वाढीवर केंद्रानं बंधनं घातली. गिरणीला नवे माग बसवायला आडकाठी आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाला मोकळं रान, असा तो मामला झाला. हातमाग वाचवायला केलेल्या धोरणाचा खरा फायदा यंत्रमागानं उचलला. तिथे ना तिसऱ्या पाळीचे नियम, ना भविष्य निर्वाह निधी.

अशा आजारी गिरण्यांसाठी कायद्यात सोय होती. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली केंद्र सरकार एखाद्या कारखान्यावर प्राधिकृत नियंत्रक नेमू शकत असे. मालकी मालकाकडेच, कारभार सरकारी माणसाकडे. हा नियंत्रक गिरणीत पहिल्यांदा यायचा तेव्हा त्याच्यापुढे काय असायचं, ते नीट पाहायला हवं. कापसाच्या गोदामावर बँकेची पाटी आणि बँकेचंच कुलूप, कारण आतली प्रत्येक गाठ कर्जापोटी गहाण. कामगारांच्या पगारातून कापलेली फंडाची रक्कम कार्यालयात भरलेलीच नाही. वीज कंपनीची नोटीस, कापूस दलालांची बिलं, महापालिकेचा कर. ब्लो रूममध्ये, रिंग खात्यात, सांचे खात्यात सुटे भाग मिळत नाहीत म्हणून एका यंत्राचे अवयव काढून दुसऱ्याला लावलेले. आणि दारात सकाळी सातच्या पाळीला हजर झालेली हजारभर माणसं, शिवाय आज कुणी गैरहजर राहिला तर आपल्याला काम लागेल या आशेनं उभे असलेले बदली कामगार. नियंत्रकाला आधी पगाराची सोय करावी लागे. सांचे बदलण्याचा विचार नंतर, आणि बहुतेक वेळा कधीच नाही.

१९६६ मध्ये महाराष्ट्रानं आपलं राज्य वस्त्रोद्योग महामंडळ काढलं. १९६८ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन केलं, कामगारांच्या तोंडी ज्याला कायम ‘एनटीसी’च म्हटलं गेलं. ससून घराण्यानं उभारलेल्या आणि पुढे इंडिया युनायटेड झालेल्या गिरण्यांचा भलामोठा समूह त्याआधीच सरकारी कारभाराखाली आला होता. ऑक्टोबर १९७२ च्या अखेरीस एकाच वटहुकमानं देशभरातल्या आणखी ४६ गिरण्यांचं व्यवस्थापन घेतलं गेलं. मग १९७४ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९७४ पासून १०३ आजारी गिरण्या पूर्णपणे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. बँका आणि कोळशाच्या खाणी सरकारनं घेतल्या तेव्हा अर्थव्यवस्थेच्या नाड्या हाती याव्यात असा हेतू होता. गिरण्यांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. जे कुणालाच नको होतं ते सरकारकडे आलं.

त्या १०३ गिरण्यांत बंगळुरूची मिनर्व्हा मिल होती. तिच्या मालकांनी राष्ट्रीयीकरणाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, नानी पालखीवाला त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि ३१ जुलै १९८० ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानं ४२ व्या घटनादुरुस्तीची दोन कलमं रद्द केली. संसदेची घटनादुरुस्तीची ताकद अमर्याद नाही, हे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जाणारं तत्त्व त्या निकालानं पक्कं झालं. मालकांना मात्र गिरणी परत मिळाली नाही. १९८६ मध्ये न्यायालयानं तिचं राष्ट्रीयीकरण वैध ठरवलं. एका आजारी कापड गिरणीच्या भांडणातून भारतीय लोकशाहीला एवढी मोठी ढाल मिळाली, हे गिरण्यांच्या इतिहासात फारसं कुणी सांगत नाही.

सरकारी गिरणीत नोकरी म्हणजे पगाराची खात्री, एवढं कामगाराला पहिल्या काही वर्षांत नक्की मिळालं. ज्या घरात दर महिन्याला टाळेबंदीची धास्ती होती तिथे ही गोष्ट लहान नव्हती, आणि राष्ट्रीयीकरणाला नावं ठेवणाऱ्यांनी ती विसरू नये. पण एनटीसीवर आणखी एक काम टाकलं गेलं. गरिबांसाठी स्वस्त दरात ‘कंट्रोलचं कापड’ विणायची सक्ती आधी सगळ्याच गिरण्यांवर होती. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल असे ठरावीक प्रकार, भाव सरकारनं ठरवलेला. १९७८ नंतर खासगी गिरण्या त्यातून मोकळ्या झाल्या आणि तो भार मुख्यतः एनटीसीकडे आला. अनुदान होतं, पण जुन्या सांच्यावर जाडंभरडं कापड काढणाऱ्या गिरणीला बाजारात नाव कसं मिळणार? खासगी गिरण्या तोवर पॉलिएस्टरकडे वळल्या होत्या, जाहिराती करत होत्या. सरकारी गिरणीत साधा मोटरचा निर्णय व्हायचा तर कागद मुंबईच्या उपकंपनीतून दिल्लीला जाई. तोटा झाला की केंद्र कर्ज देई, कर्जावर व्याज चढे, आणि पुढच्या वर्षीच्या तोट्यात ते व्याजही मिसळे.

१९८३ चं पाऊल या सगळ्या अनुभवानंतर उचललेलं होतं, म्हणून त्यातली चूक जास्त डाचते. त्या तेरा गिरण्यांचं फक्त व्यवस्थापन घेतलं, मालकी घेतली नाही. यंत्रं, इमारती, जमीन मालकांच्या नावावर आणि खर्च सरकारचा. संपातून परतलेल्या प्रत्येकाला काम मिळालं असंही झालं नाही. बरेच जण दारावरून परत फिरले आणि त्यांच्या नोकरीचा निकाल कधीच लागला नाही. ही अधांतरी अवस्था एक-दोन वर्षं चालली असती तर समजण्यासारखं होतं. ती बारा वर्षं चालली. १९९५ मध्ये संसदेनं कायदा करून या तेरा आणि कानपूरच्या दोन अशा पंधरा गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कारण दिलं आहे: या गिरण्या चालत्या व्हाव्यात म्हणून मोठ्या रकमा गुंतवल्या गेल्या आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या घरात एवढा पैसा घातला, आता घर तरी आपल्या नावावर करून घेऊ.

पण १९९५ पर्यंत देशाचा रोखच बदलला होता. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं विमानानं परदेशी पाठवून तारण ठेवलं आणि साधारण ४० कोटी डॉलर उभे केले. २४ जुलै १९९१ ला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरणही जाहीर झालं. सतत तोट्यातल्या सरकारी कंपन्या आता औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे जातील, असं त्यात म्हटलं होतं. त्या वर्षअखेर कायदा तसा बदलला. १९९२-९३ मध्ये एनटीसीच्या नऊ उपकंपन्यांपैकी आठ या मंडळापुढे गेल्या. आजारी म्हणून खासगी मालकाकडून घेतलेल्या गिरण्या सरकारच्या हातात पुन्हा आजारी ठरल्या. एका आर्थिक संकटात त्या सरकारकडे आल्या होत्या, दुसऱ्या संकटानं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

त्याच १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला, आणि गिरणगावाचं पुढचं सगळं भांडण या नियमाभोवती झालं. नियम सरळ होता. ज्या गिरणीला जमीन विकसित करायची असेल तिनं तिचे तीन भाग करायचे: साधारण एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली एक तृतीयांश मालकानं विकावी आणि त्या पैशातून कामगारांची देणी द्यावीत. मुंबईत तेव्हा ५८ गिरण्या होत्या. त्यांची जमीन सुमारे सहाशे एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर. यातल्या २५ गिरण्या एकट्या एनटीसीकडे होत्या. जवळजवळ निम्म्या गिरण्या सरकारच्या हाती, आणि वर त्या जमिनीतून बागा आणि घरं काढणारा नियम हाताशी. अशी संधी कुठल्याही दाट वस्तीच्या शहराला शतकातून एकदा मिळते.

ती संधी कुणी ओळखलीच नाही असंही नाही. १९९६ मध्ये राज्य सरकारनं वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खासगी मालकांनी समितीला आपल्या आवारात येऊ दिलं नाही, म्हणून तिचा अहवाल एनटीसीच्या पंचवीस गिरण्यांपुरता राहिला. कोरियांनी प्रत्येक गिरणीचा तुकडा सुटा पाहिला नाही. शेजारच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरल्या तर कुठे सलग मैदान निघतं, कुठे घरं बसतात, कुठून रस्ता काढता येतो, असा त्यांनी विचार केला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांच्या भोवतीची गर्दी मोकळी व्हावी म्हणून पादचाऱ्यांसाठी प्रशस्त चौक त्यांनी आराखड्यात दाखवला. अहवाल बासनात गेला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले, तिथे रोज येणारी माणसं वाढत गेली आणि स्टेशनचा पूल होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला पावसाच्या सकाळी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं मेली.

नियम ५८ चा जीव २००१ साली गेला. राज्य सरकारनं दुरुस्ती केली आणि तीन वाटे संपूर्ण जमिनीचे न करता फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे करायचे असं ठरवलं. ज्यानं कापड गिरणी आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. दातेरी छपरांचं सांचे खातं एकाच मजल्यावर आवारभर पसरलेलं असतं, त्याला लागून कताई, रंगखातं, बॉयलर, गोदामं. गिरणीत मोकळं असं उरतं काय? तळं, चिमणीभोवतीची जागा आणि फाटकापासून आत जाणारी वाट. त्या उरल्यासुरल्याचा तिसरा हिस्सा शहराला आणि तिसरा हिस्सा घरांना, बाकी सगळं विकायला मोकळं. एवढा मोठा बदल मुंबईकरांच्या ध्यानात यायलाच काही वर्षं गेली.

२००५ मध्ये एनटीसीनं निविदा उघडल्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, दादरला शिवसेना भवनासमोरची कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटी, आणि लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. आकडे ऐकून लोकांचे डोळे दिपले. सरकारी खात्यात तोट्याच्या रकान्याशिवाय काहीच नसलेल्या गिरण्यांच्या नावावर इतका पैसा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा सर्वांसमोर आलं. तो भाव तरी खरा होता का? डीएलएफनं ७०२ कोटींना घेतलेली मुंबई टेक्स्टाइलची जमीन २०१२ मध्ये लोढा समूहाला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट, आणि मधल्या काळात तिथे फार काही बांधलेलंही नव्हतं. संकटात विकणाऱ्याला थांबायला सवड नसते. एनटीसीला स्वेच्छानिवृत्तीचे आणि बँकांचे पैसे द्यायचे होते, तिनं मिळाला तो भाव घेतला. वाढीव किमतीतला एक रुपयाही ना कामगाराला मिळाला, ना शहराला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेनं २००१ च्या दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. १७ ऑक्टोबर २००५ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि काही महिने असं वाटलं की जुने तीन समान वाटे परत येतील. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्यानंतर लालबाग ते वरळी क्रेनची रांग लागली.

या सगळ्यात कामगारांची बाजू ज्यांनी शेवटपर्यंत लावून धरली त्यांत दत्ता इस्वलकर हे नाव आदरानं घ्यायला हवं. संप संपल्यासारखा झाला, युनियन विखुरल्या, तेव्हा १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांना त्यांनी एकत्र केलं. पगार वाढवून द्या, ही मागणी तिथे कधीच मागे पडली होती. जमीन विकणार असाल तर आधी आमची देणी द्या आणि त्या जमिनीवर आम्हाला घर द्या, एवढंच म्हणणं होतं. उपोषणं, मोर्चे, मंत्रालयाच्या खेपा यात तीस वर्षं गेली. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या तुटपुंज्या जमिनीवर इमारती झाल्या आणि जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. अर्ज करणारे कामगार आणि वारस लाखाच्या वर होते. इस्वलकर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले.

जमीन विकून आलेल्या पैशातून गिरण्यांचं आधुनिकीकरण होईल, हे विक्रीचं एक समर्थन होतं, आणि ते सगळं खोटं नव्हतं. फिनले मिल परळहून अमरावती जिल्ह्यात अचलपूरला गेली. तिथे नवी यंत्रं बसली, शेकडो लोकांना काम मिळालं, कापसाच्या मुलखात गिरणी आली म्हणून लोकांना आनंद झाला. बार्शीची गिरणीही चालत होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एनटीसीच्या देशभरातल्या २३ गिरण्या बंद झाल्या. करोना ओसरला, बाकीचे कारखाने सुरू झाले, या गिरण्यांचं फाटक उघडलं नाही. नवी यंत्रं असलेली अचलपूरची गिरणी नेमकी कशासाठी बंद ठेवली, याचं समाधानकारक उत्तर तिथल्या कामगारांना मिळालेलं नाही, आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

मुंबईत दादरच्या इंदू मिलच्या बारा-साडेबारा एकरांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहत आहे. सरकारच्या हातातली गिरणीची जमीन पूर्णपणे सार्वजनिक कामाला लागल्याचं हे सर्वांत मोठं उदाहरण. लोकांनी ती मागणी रेटली, केंद्रानं जमीन दिली. पंचवीसच्या पंचवीस गिरण्यांबाबत असं काही होऊ शकलं असतं का? सगळ्यांबाबत नाही, कामगारांची देणी कुठूनतरी द्यायचीच होती. पण १९९१ च्या नियमानं विक्री आणि मैदान, विक्री आणि घर यांची सांगड घालून ठेवली होती. ती २००१ साली सोडवली गेली, तेव्हा ना तिजोरीवर १९९१ सारखं संकट होतं, ना कुणी सोनं गहाण मागत होतं.

घरांचा हिशोब अजून चालू आहे. राज्य सरकारनं कामगार आणि वारसांसाठी बदलापूरच्या पुढे वांगणी आणि शेलू इथे घरांची योजना आणली. मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या एका कलमानुसार हे घर नाकारणाऱ्याचा हक्कच जाण्याची भीती होती. जुलै २०२५ मध्ये भर पावसाळ्यात हजारो गिरणी कामगार आणि त्यांची मुलं-सुना आझाद मैदानात जमली. ते कलम रद्द करा आणि आम्हाला घरं मुंबईतच द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. एनटीसीच्या ताब्यात मुंबईत अजूनही बंद गिरण्या आहेत, आणि अकरा गिरणी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे सोपवण्याची बोलणी त्याच वर्षांत सुरू होती.